चौथा कोपरा

शिंग तिसऱ्यांदा वाजलं आणि मी पळाले. नोव्हेंबरातली रात्र होती, पाऊस थांबून थांबून येत होता, आणि रिपनच्या चौकात मी धरून पाच माणसं उभी होती. मधल्या उंच दगडी स्तंभाच्या एकेका कोपऱ्याशी जाऊन तो माणूस शिंग फुंकत होता. डोक्यावर तीन टोकांची काळी टोपी, अंगात जुन्या काळचा लांब कोट, दोन्ही हातांनी उचलून तोंडाशी धरलेलं ते वळलेलं शिंग. पहिला कोपरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. तेवढ्यात चौकामागच्या स्टँडवर लीड्सला जाणारी ३६ नंबरची बस लागलेली दिसली. ती चुकली असती तर त्या गारठ्यात पुढच्या बसची वाट बघत बसावं लागलं असतं. मी छत्री मिटली आणि धावले. बसमध्ये चढून वरच्या मजल्यावर गेले, काचेवरची वाफ हाताने पुसली, तर तो चौथ्या कोपऱ्याकडे वळत होता. त्याने शिंग उचललेलं दिसलं. आवाज आला नाही. इंजिन सुरू झालं होतं.

तसं बघितलं तर काय झालं एवढं? तीन वेळा ऐकलंच होतं, चौथ्या वेळी काही निराळं वाजणार नव्हतं. पण हॅरोगेट येईपर्यंत मला चैन पडेना. कुणी वाढत असताना पानावरून उठून यावं, तसं काहीतरी माझ्या हातून झालं होतं. त्या पाचांतल्या मी एक होते, आणि मी निघाल्यावर चार उरले होते. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलंही नव्हतं. ते त्याने बघितलं असतं तर बहुतेक मला बरं वाटलं असतं.

रिपन हे उत्तर इंग्लंडमधलं, यॉर्कशरमधलं एवढंसं शहर. वस्ती सोळा-सतरा हजारांची; आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला धड नगरपालिकाही मिळताना मारामार. पण गावात कॅथेड्रल आहे, म्हणून ते ‘सिटी’, आणि रिपनची माणसं हा शब्द फार जपून, नीट उच्चारतात. रेल्वे होती, तिची प्रवासी वाहतूक १९६७ साली बंद झाली. त्यामुळे आता जायचं तर बसने किंवा गाडीने, शेतं आणि दगडी कुंपणं बघत. मी लीड्समध्ये राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं या गावाचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. मग ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं की तिथे रोज रात्री नऊ वाजता शिंग वाजतं, आणि शेकडो वर्षं ते चुकलेलं नाही. मी विचारलं, सणासुदीला का? त्या म्हणाल्या, नाही, रोज.

रोज, हा शब्द माझ्या डोक्यात बसून राहिला.

शिंगाची कथा अशी सांगतात की ८८६ साली आल्फ्रेड राजाने गावाला सनद दिली आणि सनदेची खूण म्हणून एक शिंग दिलं. इतिहासाची माणसं यावर मान हलवतात. त्या साली हा सगळा उत्तरेकडचा मुलूख डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांच्या हाती होता, आल्फ्रेडचं राज्य दूर दक्षिणेला. दुसऱ्याच्या अमलातल्या गावाला तो सनद कशी देणार? पण ते सनदेचं म्हणून मानलेलं शिंग मात्र गावाकडे आहे. काळ्या मखमलीने मढवलेलं, फार जुनं, मानाच्या दिवशीच बाहेर निघणारं. रोज वाजतं ते वेगळं, त्यामानाने अलीकडचं. कथा खरी धरा नाहीतर खोटी, जुन्या रिपनमध्ये ‘वेकमन’ नावाचा अधिकारी होता हे पक्कं. या शब्दाला मराठी शोधायला मला क्षणभरही लागला नाही. वेकमन म्हणजे जागल्या. आणि शिंग फुंकणाऱ्यालाही आपल्याकडे नाव होतंच, शिंगाड्या. माझ्या आजोबांच्या तोंडी हे दोन्ही शब्द होते. माझ्या तोंडी ते पहिल्यांदा आले ते परदेशातल्या एका चौकात.

रात्री नऊला शिंग झालं की पहारा लागायचा, तो उजाडेपर्यंत. तेवढ्या वेळात कुणाच्या घरी चोरी झाली तर भरपाई वेकमनने करून द्यायची. त्यासाठी प्रत्येक घराकडून वर्षाला दाराप्रमाणे पट्टी घेत: एक दार असेल तर दोन पेन्स, दोन दारं असतील तर चार. चोर शिरायला दोन वाटा, म्हणून जोखीम दुप्पट. मला हा हिशोब फार आवडला. त्यात उगाच मोठेपणा नाही. कुणाच्या घराला किती दारं आहेत हे माहीत असलेल्या लोकांनी केलेला तो हिशोब आहे.

आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावात जागल्या होता. काठी आपटत, मोठ्याने खाकरत तो गल्लीतून जायचा, आणि आजोबा अंथरुणात त्याच्या खाकरण्यावरून तो कुठल्या वळणावर आहे ते ओळखायचे. चोरी झाली की माग काढायची जबाबदारी त्याची. पावलांचे ठसे धरून शिवेपर्यंत जायचं, आणि माग पलीकडे गेला तर तो पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. माग ज्याच्या शिवेत हरवेल, भरपाई त्या गावाच्या माथी. रिपनचा हिशोब ऐकताना मला हेच आठवत होतं. इतक्या दूरच्या दोन मुलखांतल्या माणसांना एकच गोष्ट सुचली होती: राखायची जबाबदारी घेतली असेल तर गेल्या वस्तूचं मोलही आपणच द्यायचं.

पण पुढे दोघांच्या वाटा जिथे फुटतात तिथे मी दर वेळी अडखळते. रिपनचा वेकमन गावातला वजनदार माणूस असायचा. १६०४ मध्ये पहिल्या जेम्स राजाने नवी सनद दिली तेव्हा ह्यू रिपली हा शेवटचा वेकमन होता, आणि तोच पहिला मेयर झाला. जागल्याचा नगराध्यक्ष झाला. आमच्याकडे हे काम जातीला चिकटलेलं, सुगीला खळ्यावर मिळेल त्या धान्यावर चाललेलं. पुण्याच्या आसपास ज्या रामोशांनी पिढ्यान्‌पिढ्या गावं राखली, त्यांनाच इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींच्या यादीत टाकलं. राखणदाराची हजेरी पोलिसांकडे सुरू झाली. आज ते विमुक्त जातींत मोडतात. त्या ‘विमुक्त’ शब्दात कशातून सुटका झाली हे आपण सहसा बोलून दाखवत नाही. रिपनच्या चौकातलं जागल्याचं घर म्हणून दाखवतात ते लाकडी सांगाड्याचं जुनं घर बघताना मला कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकाच्या आत काहीतरी टोचतही राहिलं. आजोबांच्या गावात जागल्याचं घर कुठे होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. तेही कधी आपणहून बोलले नाहीत.

टाउन हॉलच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत बायबलातली ओळ आहे. माझ्या मराठीत ती अशी उतरते: देव शहर राखत नसेल, तर जागल्याचं जागणं फुकट. एवढा मोठा पहारा ठेवणाऱ्यांनी, दारांची मोजणी करणाऱ्यांनी ही ओळ चौकासमोर लावून घेतली. दुपारी चौकात बाजार भरलेला असतो, कोबी आणि चीज आणि स्वस्तातले मोजे विकायला असतात, आणि वर ही ओळ. कुणी मान वर करून वाचत नाही. सगळ्यांना ती पाठ आहे.

त्या नोव्हेंबरात मी गेले होते ती खरं तर कॅथेड्रल बघायला. बाहेरून ते पसरट, भारदस्त, जरा ठेंगणं वाटतं. त्याचे कळस सतराव्या शतकातच गेले, मधला कोसळला आणि पुढचे दोन १६६४ मध्ये उतरवले. आत शिरल्यावर डोळा मधल्या मनोऱ्याखाली थबकतो, कारण तिथे काहीतरी जुळत नाही. १४५० मध्ये मनोऱ्याचा भाग ढासळला. तेव्हाच्या नव्या तऱ्हेने दोन बाजू बांधून काढल्या, आणि पुढे काम राहिलं ते राहिलंच. आज दोन बाजूंना जुन्या कमानी, दोन बाजूंना नव्या उंच कमानी, एक खांब जाड, दुसरा आणखी जाड. वाकडं दिसतं. आपल्याकडे वाड्याच्या एका सोप्याला जुनं सागवान आणि दुसऱ्याला वाटणीनंतर घातलेले लोखंडी खांब असतात, तसं. पाचशेहून जास्त वर्षं लोक त्या अर्धवट कामाखाली उभे राहून प्रार्थना करताहेत. मला ते सगळ्या इमारतीत सर्वांत आपलं वाटलं.

आणि तळघर. त्यासाठी मी पुन्हा जाईन, कितीही वेळा. सातव्या शतकात विल्फ्रिड नावाच्या संताने इथे चर्च बांधलं, ६७२ साली. त्याने तरुणपणी रोम पाहिलं होतं, आणि लाकडी घरांच्या या मुलखात त्याला दगडाचं देऊळ हवं होतं, म्हणून समुद्रापलीकडून गवंडी आणवले. वरचं चर्च नंतर जाळलं गेलं. ९४८ मध्ये एड्रेड राजानेच ते जाळलं. वर पुन्हा बांधलं, पुन्हा पाडलं, पुन्हा बांधलं. खालची खोली तशीच राहिली. दगडी पायऱ्या उतरायच्या, मग इतका अरुंद बोळ की खांदे दोन्हीकडे घासतात आणि एका वळणावर काही दिसेनासं होतं. माझा हात आपोआप भिंतीवर गेला. दगड गार होता, पण ओला नव्हता, आणि माणसांच्या हातांनी एका उंचीवर गुळगुळीत झालेला. आत एक लहानशी, आपल्या जुन्या देवघराला शोभेल एवढी खोली, वर घुमटी, भिंतीत दिव्यांसाठी कोनाडे. गाभाऱ्यात जो एक दबलेला, कानात कापूस घातल्यासारखा शांतपणा असतो, तोच तिथे होता. फक्त तेलाचा आणि फुलांचा वास नव्हता. मी नकळत चपला शोधल्या, पायात बूट होते. एका कोनाड्याला आरपार अरुंद भोक आहे, त्याला ‘विल्फ्रिडची सुई’ म्हणतात. तिच्यातून सरपटत जाता आलं तर बाई शुद्ध, अडकली तर नाही, अशी परीक्षा पूर्वी घेत असं सांगतात. मी त्या भोकापुढे बराच वेळ उभी राहिले. तेराशे वर्षांच्या पवित्र खोलीतसुद्धा बायकांना पारखायला जागा ठेवलेली असते. कुठल्या बायांनी इथे अंग चोरून, श्वास धरून पलीकडे जायची धडपड केली असेल? त्या बाहेर आल्यावर कोण उभं असेल?

वर गायकवृंदाच्या बाकांवर कोरीवकाम आहे, १४८९ ते १४९४ या काळातलं. तासन्‌तास उभं राहून प्रार्थना म्हणणाऱ्यांना टेकता यावं म्हणून उलटणाऱ्या आसनाखाली एक लहान फळी ठेवत, आणि त्या फळीच्या खाली, जिथे कुणाची नजर जायची नाही तिथे, गावच्या सुतारांनी हवं ते कोरलं. सशामागे लागलेला पंखांचा राक्षस आहे, बिळात घुसणारा ससा आहे, वाद्य वाजवणारी डुकरं आहेत. एका बाकाच्या कडेला हत्ती आहे, पाठीवर अख्खा किल्ला घेतलेला. ज्याने तो कोरला त्याने हत्ती पाहिला असेल असं वाटत नाही. कुणाच्या तरी सांगण्यावरून, कुठल्याशा चित्रावरून घडवलाय. तरी मला त्याला बघून माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली तेव्हा मी मागे बसले. मुलांचे आवाज वर चढले आणि त्या न जुळणाऱ्या कमानींखाली एकत्र झाले. शब्द कळत होते तेवढे कळत होते. ऑर्गनच्या सज्जातून बाहेर आलेला एक लाकडी हात आहे. ऑर्गन वाजवणाऱ्याने पायाने दाबलं की तो वरखाली होऊन खाली गाणाऱ्यांना ताल दाखवायचा. आता तो स्थिर असतो. माझी नजर सारखी त्याच्याकडे जात होती.

आमच्या गावात नगरपालिकेचा भोंगा होता.

सकाळी साडेआठला आणि रात्री साडेआठला. शिंगाच्या आवाजाने मला आठवण झाली ती त्याची. रात्रीचा भोंगा झाला की गल्लीतला खेळ मोडायचा, आई कुकर लावायची, आणि आजोबा मनगटावरचं एचएमटी काढून किल्ली द्यायचे, काटा त्या आवाजाला जुळवायचे. भोंगा घड्याळाप्रमाणे चालतो की घड्याळ भोंग्याप्रमाणे, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नव्हता. सुरुवातीला खालून घोगरा निघून तो हळूहळू चढायचा, वर जाऊन एका जागी थरथरायचा, आणि उतरताना दम लागल्यासारखा तुटत जायचा. शेवटी शेवटी कुत्री त्यात सूर मिसळायची. तो वाजवणारा माणूस मी कधी पाहिला नाही. कुणीतरी पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीत जाऊन रोज दोनदा बटण दाबत असणार, पावसात, तापात, घरी कुणाचं लग्न असताना. त्या बसमधून परत येताना मी आईला फोन करायला घेतला, तिकडे रात्रीचे अडीच-तीन वाजले असतील म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी विचारलं, भोंगा होतो का गं अजून? आई म्हणाली, छे, केव्हाच बंद झाला. केव्हा? ती गप्प झाली. मग म्हणाली, तुझे बाबा होते तोवर होता का? होता बहुतेक. थांब, शेजारच्या काकूंना विचारते. काकूंनाही सांगता आलं नाही. सगळ्या गावाच्या कानावर रोज पडणारा तो आवाज एका संध्याकाळी आला नाही, आणि ती संध्याकाळ कुणाच्या लक्षात नाही.

रिपनला शिंग कधी सुरू झालं ते कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. ते थांबलं असतं तर मात्र तारखेसह सांगता आलं असतं. करोनाच्या टाळेबंदीत चौकात जायची सोय नव्हती, तेव्हा शिंग फुंकणाऱ्यांनी आपल्या घराच्या दारातून फुंकलं. या कामाला आता एकच माणूस नसतो, पाळ्या लावून करणारी माणसं आहेत, त्यांत बायकाही आहेत. कुणी म्हणेल, हे सगळं पर्यटकांसाठी. नोव्हेंबरच्या पावसात आम्ही पाच जण होतो, आणि त्यातले दोघे तरी बसची वाट बघणारे. शिवाय आता राखायचं काय उरलंय? कुलपं आहेत, कॅमेरे आहेत, पोलीस आहेत. आणि या गावाला खरी भीती आहे ती चोरांची नाहीच. रिपनच्या जमिनीखाली जिप्समचे थर आहेत, पाण्यात हळूहळू विरघळणारे. अधूनमधून कुठेतरी जमीन आत जाते. २०१६ मध्ये एका वस्तीत घरांच्या मागे मोठा खड्डा पडला, अंगणं त्यात गेली, लोकांना रातोरात घरं सोडावी लागली. असं गाव. पायाखालचं पाणी काय करतंय हे ज्याला दिसत नाही, ते गाव रोज रात्री नऊ वाजता चार दिशांना सांगतं, की कुणीतरी जागं आहे.

एप्रिलमध्ये मी पुन्हा गेले. या वेळी रात्रीची खोलीच घेतली चौकाजवळ, म्हणजे बसचा प्रश्न नाही. दुपारी एका बेकरीत ‘विल्फ्रा’ टार्टबद्दल विचारलं. ऑगस्टच्या आरंभी विल्फ्रिडची मिरवणूक निघते, पांढऱ्या घोड्यावर संताच्या वेशातला माणूस बसवून, मागे सजवलेल्या गाड्या. पूर्वी त्या दिवसांत लोक हे टार्ट करून दारात ठेवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने उचलून खावं म्हणून. काउंटरमागची मुलगी म्हणाली, आता नाहीत, ऑगस्टमध्ये या. मी तिला सांगायला गेले की आमच्याकडे पालखी येते तेव्हा लोक दारात पाणी आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन उभे असतात, पण मागे रांग होती. सफरचंदाचा एक तुकडा घेऊन मी स्तंभाच्या पायरीवर बसले. १७०२ मधला तो स्तंभ, सुमारे ऐंशी फूट उंच. त्याच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवायला शिंगाचीच आकृती आहे. ती त्या दिवशी हलतही नव्हती.

नऊला पाच कमी असताना मी चौकात गेले. अजून पूर्ण काळोख नव्हता, आकाशाला कडेने फिका निळा रंग होता. आज पंधरा-वीस जण होते, दोन लहान मुलं वडिलांच्या खांद्यावर. शिंग घेऊन आली ती एक बाई, माझ्या वयाची असेल. कॅथेड्रलचा घंटानाद ऐकू येत होता. ती पहिल्या कोपऱ्याशी उभी राहिली, पाय रोवले, श्वास घेतला. जवळून ऐकताना कळतं की तो आवाज फक्त शिंगाचा नसतो. आधी श्वास ऐकू येतो, मग ओठांची हवा, मग तो सूर धरतो. जाड, घोगरा, एकाच पट्टीतला, शेवटाला किंचित खाली कलणारा. त्यात वाजवणाऱ्याचं कौशल्य दाखवायला जागा नाही. दम संपला की सूर संपतो. ती वळली, दुसरा कोपरा. खांद्यावरच्या एका मुलाने कान झाकले. तिसऱ्या कोपऱ्याला माझ्या पोटात उगाच गोळा आला, जणू बस आलीच आहे. मी स्टँडकडे बघितलं नाही.

चौथ्या कोपऱ्यासमोर कुणीच नव्हतं. सगळी गर्दी या बाजूला होती. मी फेरी मारून त्या बाजूला गेले आणि एकटीच उभी राहिले, तिच्यापासून दहा पावलांवर. एक दुकान होतं, शटर ओढलेलं, आणि त्याच्यावर एका खिडकीत दिवा. तिने शिंग उचललं. तिच्या गळ्याची शीर फुगलेली दिसली, डोळे मिटलेले. सूर निघाला, दुकानाच्या शटरवर आपटून परत आला, आणि वरच्या खिडकीतल्या कुणीतरी पडदा ओढून घेतला, रोजच्या सवयीने, बाहेर न बघता. मी मोबाइलवर तेवढंच रेकॉर्ड केलं. नंतर ती मेयरच्या घरी जाणार होती, तिथे दारात आणखी तीनदा फुंकून पहारा लागला असं सांगायला.

ते रेकॉर्डिंग मी रात्रीच आईला पाठवलं. सकाळी उठले तर तिचा आवाजातला निरोप आलेला होता. आधी भांड्यांचे आवाज, नळ बंद केल्याचा आवाज, मग ती थोडा वेळ काही बोलत नाही. तिने ते पुन्हा एकदा लावलेलं मागून ऐकू येतं. मग म्हणते, “ऐकलं गं. आपल्या भोंग्याएवढा मोठा नाही आवाज. पण रोज वाजवतात ना?”